आईचं वय मीच खाल्लं

हसणार नसाल तर सांगतो. नाहीतर हसा, आता अब्रू उरलीय कुठं माझी!

मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली. पहिलीत येणाऱ्या पोराची जन्मतारीख घरच्यांना ठाऊक नसली की ठोकून द्यायचो, एक जून! निम्म्या तालुक्याचा वाढदिवस मी एका दिवसात बसवलाय. हात सरावला होता आणि तिथंच घात झाला.

आधार कार्डं निघाली तेव्हा आईला घेऊन गेलतो. मशीनवरच्या माणसानं विचारलं, "आजींचं वय किती?"

आई भडकली. "आजी कुनाला म्हंतोस रं? माझं क्यास तरी पिकल्यात का?"

रांग हसायला लागली. मलाही चेव चढला. म्हटलं, "दहा वर्षं कमी घाला हो साहेब. म्हातारी खूश तर घर खूश!"

त्यानं घातली. आई आठवडाभर कार्ड गल्लीत दाखवत फिरली. सांगा, कुणाचं काय बिघडलं?

बिघडलं गेल्या महिन्यात. आई न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, नाहीतर कायमचं अंथरूण धरलं म्हणून समजा. खर्च ऐकून मी बँकेचं पासबुक काढलं. पण लगेच आठवलं, सत्तरीच्या पुढच्यांना केंद्र सरकारचं मोफत उपचाराचं कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. गल्लीभर हे सांगत मीच तर फिरलो होतो! आईला म्हटलं, "शहात्तर वर्षांची आहेस तू. काळजी सोड, सरकार बघतंय."

हॉस्पिटलात योजनेच्या टेबलावर एक पोरगी बसलेली. तिनं आईचं आधार बघितलं. "न्हाई बसत, काका. ह्यावर वय सहासष्ट हाय. चार वर्सांनी या."

"अगं, चार वर्षं मोडका खुबा घेऊन बसू काय?"

"मी काय करू? कार्डावर हाय ते हाय. तुम्ही पेशंटचं कोन?"

"मुलगा. थोरला."

तिनं माझंही आधार मागितलं. माझं वय अठ्ठावन्न. एकदा हे कार्ड बघितलं, एकदा ते, आणि मग माझ्याकडं जे बघितलं ना! "काका, आई आठ वर्सांच्या असताना झाला व्हय तुम्ही?"

मागनं एकजण ओरडला, "पावणं, सावत्र हाय म्हणून तरी सांगा की!"

तसाच आधार केंद्रावर पळालो. ते म्हणाले, दुरुस्ती होईल, पण जन्माचा दाखला आणा, नाहीतर शाळेचा. आई शाळेची पायरी चढलेली नाही. तिचं माहेर नेसरीकडचं. तिथल्या ग्रामपंचायतीत जाऊन जन्मनोंदींची जुनी दप्तरं उपसायला लावली. तिच्या दोन्ही भावांची नोंद सापडली, तिची नाही. तिथला माणूस म्हणाला, "मास्तर, त्या काळात पोरींच्या नोंदी कोन करतंय?"

घरी आलो. आई भिंतीकडं तोंड करून पडलेली. पायाशी बसून सगळं कबूल केलं. लाज वाटत होती, रडूही येत होतं. वाटलं, आता शिव्यांची लाखोली.

तिनं माझा हात धरला. "गप रं. पडून ऱ्हातो मी. कागदावर तरणी हाय की अजून."

मी डोळे पुसले.

"फकस्त एक कर," ती म्हणाली. "मयताच्या दाखल्यावर तरी वय खरं घाल, मास्तर."