लसणाचा आठवडा

तपासणीचा सांगावा आला, की मोरावा नदीकाठच्या त्या गावातली घरं आठवडाभर लसणानं घमघमायची. बेलग्रेडचे डॉक्टर दर पाच वर्षांनी यायचे. हृदयाच्या रक्तवाहिन्या कशानं चोंदतात, तंबाखूनं, मिठानं, की डुकराच्या चरबीनं, ते त्यांना शोधायचं होतं. गावाला मात्र ती लष्करभरतीच वाटे. भरतीत नापास झालेल्याला तिथं कुणी पोरगी देत नसे. मग डॉक्टरांपुढं नापास कोण होणार? बाप्ये रक्तदाब उतरावा म्हणून आठवडाभर लसूण चावायचे, अळणी खायचे, रकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली आणि तंबाखू लपवून ठेवायचे, नि छातीत दुखतं का विचारलं की हसायचे.

स्तामेनानं आपल्या नवऱ्याला, तिहोमिरला, असंच दोनदा पास करवलं होतं. लसूण तीच सोलायची. पाटीएवढ्या हातांचा तो गडी जिना चढताना भिंत धरायचा, तरी रक्तदाब झकास निघाला. त्या आनंदात रात्री अख्खं डुक्कर भाजलं. पुढच्या उन्हाळ्यात आलुबुखाराच्या बागेत शिडीखाली तो छाती धरून पालथा पडलेला सापडला.

पुढच्या फेरीला डॉक्टर वुकोसावा दारात आली. मेलेल्यांचीही चौकशी तिला करायची होती.

"असं कसं झालं, आजी? आमच्या लेखी तर ते धडधाकट होते."

स्तामेनानं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाईनं कपाळाला हात लावला.

"म्हणजे अख्ख्या गावाची मापं खोटी?"

"तुमची मापं घाला चुलीत," स्तामेना म्हणाली. "माझा विदोये कालच तुमच्याकडं पास होऊन आलाय. बापासारखाच भिंत धरतो. घराण्याच्या संताचा सण हाय पुढल्या महिन्यात. त्या दिवशी या. त्या दिवशी अळणी कुणी खात नाही. यंत्र घेऊन या."

सणाला त्या मुलखात आवतण नसतं. जो येईल तो पाहुणा, नि पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. डॉक्टरीणबाई आली तेव्हा मेजावर डुकराचं मांस, रकिया, धुराचा लोट. विदोयेच्या शेजारी स्रेतेन बसलेला. त्याची धाकटी लेक विदोयेला द्यायची बोलणी पक्की होत आली होती.

"डॉक्टरीणबाई, जरा गंमत म्हणून सगळ्यांचं बघा की," स्तामेना म्हणाली.

विदोयेनं आईकडं असं पाहिलं, की तिनं मान वळवली.

"काय रं यजमान, भ्यालास व्हय?" म्हणत स्रेतेननंच आधी बाही वर सारली. त्याचं बरं निघालं. मग विदोयेला पर्याय उरला नाही. पट्टा आवळला, सैल झाला, पुन्हा आवळला. वुकोसावा आकडा बोलली नाही. हळूच म्हणाली, "उद्या दवाखान्यात या. नक्की या."

मेजावरचे घास थांबले. स्रेतेननं पेला खाली ठेवला, टोपी घातली, संताच्या मेणबत्तीपुढं छातीवर क्रूस काढला नि निघाला.

"अहो, बसा की," स्तामेना मागं धावली.

"बसतो कशाला, वहिनी? माझ्या लेकीला तुमच्यासारखी विधवेची काळी ओढणी घ्यायला लावू?"

विदोये गोळ्या घेऊ लागला. तंबाखूही सुटली. स्रेतेनच्या लेकीचं लग्न वसंतात झालं, एका पास झालेल्याशी. विदोये सकाळी कारखान्यात जायचा, संध्याकाळी जेवायचा, आईशी बोलायचा नाही. तिनं वाढलेलं अळणी सूप मुकाट्यानं संपवायचा.

वर्षानं सण आला. मेज मांडलेलं, मेणबत्ती लावलेली. पाहुणे मोजकेच, तेही लवकर उठले. विदोयेनं खिशातून गोळी काढली, आईच्या डोळ्यांपुढं धरली नि पाण्याशिवाय गिळली.

"जगतोय बघ," तो म्हणाला. "झालं तुझ्या मनासारखं?"

स्तामेना उष्टी ताटं उचलत होती.

"झालं," ती म्हणाली, नि त्याच्यापुढचं मीठ उचलून घेऊन गेली.