सांगलीच्या तलावात अंदमानची तयारी

विट्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागली, तेव्हा आमच्या ह्यांनी पुन्हा विचारलं, "आगं, पावसात कोन समुद्रात उतरतं का?"

"तुम्ही दुसऱ्या कुठल्या दिवसांत घरी असता ते सांगा, मग तेव्हा जाऊ," मी म्हणाले. मग हे मुकाट चढले.

बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. आमच्याकडे घरटी एखादा तरी गलाईला (सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्याला) परमुलखात असतो. ह्यांचं दुकान केरळात, त्रिशूरला. आषाढाच्या सुमाराला तिकडे लग्नं नसतात, सोनं येत नाही, म्हणून तेवढे दिवस हे घरी. बाकी वर्षभर नवरा म्हणजे फोनमधला आवाज. सासू-सासऱ्यांचं करता करता, ब्लाउज शिवता शिवता माझी निम्मी हयात गेली. एकदा तरी आठ दिवस हा माणूस मला एकटीला हवा होता, जिथे पाहुणे नाहीत आणि दुकानाचा फोन लागत नाही. समुद्राच्या तळाला तरी फोन लागत नसेल ना?

मालवणला विचारलं, तर पावसाळ्यात तिथलं डायव्हिंग बंद. आमचा एकुलता एक सुजित पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो. त्याने शोधून सांगितलं, अंदमानला जा, तिथेही पाऊस असतो, पण हवा बघून खाली नेतात. आधी सांगलीला पोहण्याच्या तलावात सराव करायचा आणि जमलं तर तिकिटं काढायची, असं मी ठरवलं.

तासगावच्या पुढे पावसाने गाडीच्या काचा धुऊन काढल्या. दोन्हीकडे नुसते द्राक्षाचे मांडव, पानांनी गच्च. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "कुठं, दवाखान्यात निगालाय व्हय?"

"नाही, पाण्याखाली श्वास घ्यायला शिकायला."

तिने मला खालून वर बघितलं, मग ह्यांना. "नवरा गरीब दिसतोय तुजा," म्हणाली. हे खिडकीकडे तोंड करून खोकत राहिले. गलाईवाल्याला खोकला असतोच, त्याचं कुणी मनावर घेत नाही.

सांगलीत कृष्णा लाल झाली होती. घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडालेल्या. हे पुलावरूनच म्हणाले, "ह्यात उतरायचं न्हाई न्हवं?" मला हसू आलं. भडंग (लसूण-तिखट लावलेले चुरमुरे) घेतलं आणि एकाच पुडीतून खात खात आम्ही तलावावर गेलो. लग्नानंतर असं भररस्त्यात आम्ही पहिल्यांदाच खाल्लं असेल.

शिकवणारे पाटील सर तरुण होते, पण आवाज मास्तरचा. "पोहता नाही आलं तरी चालतंय. एकच लक्षात ठेवा, श्वास रोखायचा नाही. खाली दम धरला आणि तसंच वर आला, तर छाती फाटते."

आधी मी उतरले. नळी दातांत धरली, डोकं पाण्यात घातलं, आणि माझाच श्वास मला ऐकू आला. आत, बाहेर, आत, बाहेर. वर पाऊस वाजत होता, पण खाली मला कुणी हाक मारत नव्हतं. इतकं बरं मला माहेरी गेल्यावरही वाटत नाही.

मग हे उतरले. डोकं पाण्यात गेलं, तोंडासमोर बुडबुडे उठले, आणि ह्यांनी दम कोंडला. सरांनी वर घेतलं, समजावलं, पुन्हा बुडवलं. पुन्हा तेच. बुडबुडा दिसला की श्वास बंद.

"ओ काका, असं का करताय?"

"आवं सर, सवय हाय," हे ओशाळून म्हणाले. "ॲसिड उकळाय लागलं, बुडबुडं आलं, की मागनं तांबडा धूर येतोय. तवा गलाईवाल्यानं दम धरायचा. पोरपनापासनं ध्येनात हाय."

बोलता बोलता खोकल्याची अशी उबळ आली, की काठाला धरून बसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "मावशी, ह्यांना आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा."

तिथूनच ह्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं. फुंकता फुंकता हे घामेजले. छातीचा एक्स-रे फोटो उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले, "ॲसिडच्या धुराने फुप्फुसं पार खराब झालीत. समुद्राचं नाव काढू नका. आणि दुकानात पाऊल ठेवायचं नाही. जगायचं असेल तर."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नवऱ्याची फुप्फुसं गेली आणि बाई मनातून खूश. आता हा माणूस घरी राहील, एवढंच डोक्यात येत होतं. खड्ड्यात गेलं ते अंदमान.

परतीच्या गाडीत ह्यांनी खिडकीची काच लावून घेतली. मग म्हणाले, "सोडतो दुकान." मी चारचौघांत त्यांचा हात धरला, त्यांनीही धरू दिला. तासगाव आलं तेव्हा हात सोडवून त्यांनी फोन लावला.

"सुजित, लेका, डाक्टरनं मला दुकान बंद सांगितलंय. तुला यायला लागतंय बग."

मी फोन हिसकावून घेतला. "अजिबात यायचं नाही. कॉलेज सोडायचं नाही. दुकान विकून टाकू."

"आई, चालतंय गं," तो म्हणाला. "दोन-तीन वर्षं करतो. जम बसला की येतोच परत."

मला बघायला आले होते तेव्हा ह्यांनीही हेच सांगितलं होतं. दोन-तीन वर्षं. मला मेलीला तेव्हा ते खरं वाटलं होतं.

फोन ठेवला आणि ह्यांच्याकडे वळले. "आत्ता डॉक्टरांनी फोटो दाखवला ना? त्याचाही तसाच काढायचाय का?"

"मंग काय करू?" हे म्हणाले. "चुलत्यानं मला बसवलं, मी त्येला बसवतोय. बसलेलं दुकान कोन मोडतंय व्हय? आपल्यात असंच आस्तंय."

गाडीतले लोक बघायला लागले, म्हणून मी गप्प बसले. तिथे गप्प बसायला नको होतं.

सुजित त्रिशूरला गेला. त्याला स्टँडवर पोचवायला हेच गेले होते. मी घरातून निघालेच नाही.

अंदमान राहिलं ते राहिलंच. तलावात मात्र मी एकदा एकटी जाऊन आले. सर म्हणाले, मावशी, तुम्हाला चांगलं जमतं, तुम्ही तरी जाऊन या. आळीतल्या बायका म्हणतात, नशीब काढलंस, नवरा कायमचा घरी आला. आला खरा. जेवायला वाढते, औषध हातात देते. त्यांच्याशी बोलत मात्र नाही.