काचेचा जबडा

माझी आत्या बस डेपोत मेकॅनिक आहे आणि मी तिथंच सुट्या भागांच्या खिडकीवर बसते. घरच्या माणसाबद्दल लिहिताना हात आखडता घ्यावा म्हणतात. मला ते जमणार नाही, कारण आत्या मला फार आवडते.

तरुणपणी ती बॉक्सिंग खेळायची. भल्याभल्यांना लोळवायची, पण हनुवटीला हलका ठोसा लागला तरी स्वतः आडवी. बॉक्सिंगवाले याला काचेचा जबडा म्हणतात. तिनं ते सहा वर्षं लपवलं, डावा खांदा वर आणि मान आत घालून. आजही ती तशीच चालते. लोकांना वाटतं, बाईला थंडी वाजतेय.

यंदा ती युनियनच्या अध्यक्षपदाला उभी राहिली, ती एका जॅकसाठी. बस उचलून धरणारा आमचा जॅक अधूनमधून बोटभर खाली सरकायचा, आणि बसखाली कोणीतरी उताणं पडून काम करत असायचं. बारा वर्षं खुर्ची उबवणारे अध्यक्ष म्हणायचे, "बघू."

प्रचारात त्यांच्या माणसांनी आत्याला नाही नाही ते ऐकवलं. ती ढिम्म. पण अध्यक्ष मुरलेले गृहस्थ. तिची दुखरी जागा त्यांनी बरोबर हेरली: कोणी कौतुक केलं की बाईचं पाणी पाणी होतं.

शेवटच्या सभेत त्यांनी तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला घेतलं. "ताईंसारखे हात या डेपोत दुसरे नाहीत. नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगतात. असे हात आपण फायलींत गाडायचे? मला तर हे पाप वाटतं."

आत्याचे डोळे भरले. ती उठली तेव्हा मी मनात म्हटलं, संपलं, आता ही माघार घेणार.

ती सरळ अध्यक्षांकडे गेली आणि तिनं त्यांना गच्च मिठी मारली. रिंगणात तोल गेला की बॉक्सर समोरच्याला असाच कवटाळतो, पाय ताळ्यावर येईपर्यंत.

अध्यक्षांचा चष्मा तिरका झाला. "ताई, सोडा की."

"थांबा जरा, अजून गरगरतंय."

सभा हसून हसून बेजार. मग आत्यानं माइक घेतला. "माझा जबडा काचेचा आहे. शिव्या द्या, उभी राहीन. चांगलं बोललात की पडते. निवडून दिलंत तर डेपोच्या साहेबांकडे मला एकटीला पाठवू नका. दोघं बरोबर या आणि कौतुक सुरू झालं की मध्ये पडा."

"असं उघड सांगतात का?" अध्यक्ष चष्मा सरळ करत म्हणाले.

"लपवत होते तेव्हा चारदा पडले."

एकसष्ट मतांनी निवडून आली. साहेबांच्या खोलीत "ताई, तुमच्यासारखी कर्तबगार..." एवढंच झालं, तोच दोन्ही बाजूंनी टायरवाला आणि वेल्डर एका सुरात म्हणाले, "साहेब, जॅक."

पंधरवड्यात नवा जॅक आला. पहिली बस चढवल्यावर खाली आत्याच शिरली. तासभर ठोकाठोक केली. जॅक तसूभर हलला नाही. ती काळ्या हातांनी बाहेर आली, तेव्हा वेल्डर म्हणाला, "ताई, आज मी घरी पहिल्यांदा सांगून आलो, काळजी करू नका म्हणून."

आत्या मटकन खाली बसली आणि हमसून रडली. आम्ही कोणीही मध्ये पडलो नाही.