बनाबाईंची हरकत

नव्या विकास आराखड्यात आमच्या वस्तीचं मैदान कापसाच्या जिनिंगवाल्याच्या ट्रकतळासाठी दाखवलं होतं. बनाबाईंनी चाळीस वर्षं तिथंच मिरच्या वाळवल्या होत्या. सुनावणीसाठी त्या सकाळपासून पालिकेच्या बाकावर चुळबुळत होत्या. आधी जिनिंगवाल्याचा वकील आत गेला. तासाभराने कारकुनाने विचारलं, "बाई, जेवून आलात तर हरकत नाही ना?"

"काही हरकत नाही, साहेब."

परतल्या तेव्हा त्यांच्या नावापुढे 'हरकत नाही' लिहून सुनावणी संपली होती.

"अहो, जेवाले हरकत नव्हती! मैदान द्याले हाये!"

"मग लेखी द्या."

प्रौढ शिक्षणात गिरवलेल्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, 'हरकत आहे.' कागद पुढे सरकवला.

"शिक्का मारा. तवरोक पाणी प्यालेही उठत नाही मी."