पंधरा दिवसांचे विणकर

ते प्रकरण आठवलं की आधी हसू येतं, मग राग.

पोलीस खात्यातून निवृत्त व्हायला मला वर्ष राहिलं होतं. बेरोजगारांना कामावर घेणाऱ्या कारखानदाराला सरकार काही महिने त्यांच्या पगारातला वाटा देतं, अशी योजना सोलापुरात चालू होती. आमच्या हद्दीतल्या एका टॉवेल कारखान्याने बारा जण घेतले होते. मूल्यमापन पथक येऊन डोकी मोजून ‘योजना यशस्वी’ असा शेरा मारून गेलं.

त्याच आठवड्यात विडीचं काम सुटलेली एक बाई ठाण्यात अर्ज घेऊन आली. तिला त्या कारखान्याने ‘जागा भरल्या’ म्हणून परत पाठवलं होतं.

"सायेब, मी गेटासमोरच राहते की. आत जाणारं एकबी त्वांड नवं न्हाय."

हजेरीवर खोटी नावं असणार, असं धरून मी हवालदाराला घेऊन गेलो. बाराच्या बारा जण यंत्रमागावर हजर. आधार, बँक खातं, सगळं चोख. मालकाने चहा मागवला आणि पोलिसांना दुसरी कामं नाहीत का, असं हसत विचारलं. माझं डोकं फिरलं. चहा तसाच ठेवून उठलो, तेवढ्यात एका मागावर धागा तुटला. ‘नव्या’ कामगाराने माझ्याकडे बघत बघतच गाठ मारली.

"किती दिवस झाले कामाला?"

"पंधरा, सायेब."

मी स्वतः धागा बांधून पाहिला. तीनदा सुटला. हवालदार छताकडे बघत राहिला. मग बाराही जणांकडून बांधून घेतला. एकाचाही सुटला नाही.

त्या कामगाराला जबाबासाठी ठाण्यात आणलं. मी लहानपणी मंडईत भाजी विकलेली आहे. जो आधी बोलतो तो फसतो, हे तिथेच शिकलो. टेबलावर धागा ठेवून गप्प बसलो. थोड्या वेळाने तोच बोलला.

"बारा वर्सं तितंच हाय, सायेब. रजिस्टरवर नाव कधी नव्हतंच. मालक म्हणाले, कागदावर बेरोजगार व्हा, न्हायतर खरंच व्हाल."

मालकावर गुन्हा दाखल झाला, अनुदान थांबलं. कामगारांना मी साक्षीदार केलं. योजनेतल्या मोकळ्या झालेल्या जागांवर खरे बेरोजगार घ्यायला शेजारचा कारखानदार पुढे आला. चार जण घेतो म्हणाला. तासभर घासाघीस करून मी त्याला सातवर आणलं. त्यात ती बाई होती.

योजनेच्या सुधारित अहवालात हे सगळं ‘पथकाच्या निदर्शनास आले’ असं छापलं. पोलिसांचा उल्लेख नाही. ते पान लाल शाईने दुरुस्त करून मी जपून ठेवलं आहे.

कामावर किती माणसं आहेत, एवढं मोजून अशी योजना कळत नाही. योजना नसती तर ती माणसं कुठे असती, हे विचारावं लागतं. पथकाला ते सुचलं नाही. गेटासमोर राहणाऱ्या बाईला सुचलं.

महिन्याने मी तिच्या मागापाशी गेलो. धागा तुटला. ती कितीतरी वेळ त्याच्याशी झटत होती. मुकादम वैतागला.

"काय वो बाई, किती वेळ?"

"नवीन हाय की मी."

इतका चोख पुरावा मला उभ्या नोकरीत मिळाला नव्हता.