इंजिन निवेपर्यंत

भीमरावांचा ट्रक झाशीच्या प्रेम नगरात आला की गल्लीला कळायचं, आणि भीमराव घरात शिरायला अजून वेळ आहे हेही कळायचं. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी राहायची, पण इंजिन चालूच. स्टिअरिंगमागे बसून ते रामनामाची एक माळ ओढायचे. मेरुमणी आला, माळ डोळ्यांना लावली, की मग चावी फिरवायची. तीन मिनिटं, फार तर चार.

जानकीबाई दारात येऊन उभ्या राहायच्या. "पंधरा दिवसांनी माणूस येतं आणि आधी गाडीची सेवा! मी कोण, शेजारीण?"

"अगं, टर्बो तापलाय. तो निवू दे."

"आणि इथे चहा निवतोय तो?"

"चहा परत तापवता येतो. टर्बो एकदा गेला की गेला."

टर्बोची ही गाडी मालकांनी, शेठजींनी, घेतली तेव्हा रमाकांत मिस्त्रींनी समजावलं होतं, "इंजिनच्या धुराच्या जोरावर आत एक चक्र भिरभिरतं, लालबुंद होतं. इंजिन एकदम बंद केलंत तर तेल पोचायचं थांबतं, चक्र मात्र फिरतच राहतं. कोरडं पडून जळतं." भीमरावांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्यांच्या घराण्यात खापरपणजोबांपर्यंत सगळे घोडेस्वार. घोडे केव्हाच गेले, पण दौडून आलेलं जनावर लगेच बांधू नये, आधी फिरवून त्याचा घाम जिरू द्यावा, हे घरात लहान पोरांनाही ठाऊक होतं. रिकामं बसण्यापेक्षा नाम घ्यावं म्हणून माळ आली. अशी अकरा वर्षं गेली. जानकीबाईंचं बोलणंही अकरा वर्षं चाललं, आणि त्यातलं हसू हळूहळू कमी होत गेलं. भीमरावांच्या ते ध्यानात आलं नाही.

जेठाचा, ऐन उन्हाळ्याचा महिना होता. जानकीबाई टहरौलीला लेकीकडे, कमलिनीकडे, राहायला गेल्या होत्या. भीमरावांना तिथूनच हरभऱ्याची पोती भरून झाशीला यायचं होतं, तेव्हा येताना त्यांना घेऊन यावं असं ठरलं. भरलेली गाडी घेऊन ते दुपारी लेकीच्या दारात पोचले, तर जानकीबाई भिंतीला टेकून बसलेल्या. ओठ निळसर, श्वास पुरत नव्हता. दमा जुनाच, पण असं कधी झालं नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी सुई टोचली आणि सांगितलं, "झाँसी ले जाइए, भैया. देर मत कीजिए."

जीप शोधण्यात, पोती उतरवण्यात वेळ कोण घालवणार? कमलिनी आणि जावयांनी धरून त्यांना केबिनमध्ये बसवलं. आईला मांडीवर घेऊन कमलिनी शेजारी बसली. भीमरावांनी भरल्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर जो दाबला तो सोडलाच नाही. बाहेर कढत वाऱ्याची लू वाहत होती, पायाखालचा पत्रा चटके देत होता.

"अहो, हळू," जानकीबाई पुटपुटल्या. "तापेल ती."

"तापू दे."

दवाखान्याच्या फाटकात गाडी थांबली आणि भीमरावांचा हात सवयीने आरशाला टांगलेल्या माळेकडे गेला. बोटांना मणी लागले. तेवढाच एक क्षण. मग त्यांनी चावी फिरवली. इंजिन हिसका देऊन गप्प झालं.

त्या शांततेने जानकीबाईंनी डोळे उघडले. "आज माळ नाही?"

"नंतर करीन."

"म्हणजे आज मी आधी," त्या म्हणाल्या. एवढ्या कष्टातही त्या हसल्या. दारातलं पहिल्या वर्षांचं हसू, तेच. भीमरावांनी त्यांना दोन्ही हातांवर उचलून आत नेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, देवळातली काकडआरती संपता संपता, त्या गेल्या. रामाने बोलावलं, त्यापुढे माणसाचं काय चालतं?

ट्रक त्याआधीच गेला होता. फाटकातून हलवतानाच त्याने कर्कश शीळ घातली आणि निळा धूर सोडला. मिस्त्रींनी टर्बो उघडला, जळून काळं झालेलं तेल बोटावर घेतलं आणि म्हणाले, "भीमराव, तुमच्या हातून?"

शेठजी दतिया गेटच्या दुकानात बसले होते. माणूस वाईट नव्हता. "भैया, ग्यारह साल की आदत एक दिन में कैसे छूट गई?" एवढंच त्यांनी विचारलं. भीमराव तरी काय सांगणार? जे अकरा वर्षं सुटायला हवं होतं ते एकदाच सुटलं, हे शेठजींना सांगण्यासारखं नव्हतं.

तेराव्यानंतर त्यांना विटा वाहायला एक जुनी गाडी मिळाली. तिला टर्बो नाही. चावी फिरवा आणि उतरा.

विटा टाकून भीमराव दिवेलागणीला प्रेम नगरात येतात. इंजिन लगेच बंद करतात. मग माळ काढतात. कधी एक, कधी दोन.

शेजारच्या सिंधूताई ओट्यावरून हाक मारतात, "भाऊजी, गाडी तर केव्हाची बंद झाली. उतरा ना आता!"

"उतरतो," ते म्हणतात आणि पुढचा मणी ओढतात.

समोर घराला कुलूप असतं. किल्ली त्यांच्याच खिशात असते.