इस्माईलभाईंनी ओढलेला वारा

झुबेदाचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, आठवड्याच्या गोळ्या डबीत भरत बसले होते. "बाई, अब्बा गेले. पहाटे फजरच्या नमाजाला उठवायला गेले, तर..." पुढे तिला बोलवेना. ती सत्तरीची, मी ऐंशी ओलांडलेली, पण मला फोनवर बारा वर्षांची, दोन वेण्या घातलेली झुबेदाच ऐकू आली. इस्माईलभाई ब्याण्णव वर्षांचे होते. भरल्या घरात, झोपेत गेले. यात रडण्यासारखं काही नाही असं मी स्वतःला बजावलं, आणि रडले.

साठचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन मी दुबईला आले, तेव्हा या देशाला आजचं नावही मिळायचं होतं. खाडीच्या दोन काठांवर गाव, बाकी सगळी वाळू. वीज नुकती आलेली आणि मनात येईल तेव्हा जाणारी. मी बी.एस्सी. झालेली, म्हणून भाड्याच्या घरात भरणाऱ्या एका लहानशा शाळेने मला विज्ञान शिकवायला घेतलं. शाळा सातवीपर्यंत. पुढे विज्ञानाचे वर्ग काढायचे की नाही यावर कमिटीचं घोडं अडलं होतं. प्रयोगशाळा नाही, सामान नाही, मग वर्ग कसले, असं त्यांचं म्हणणं. मुलगे पुढच्या शिक्षणाला भारतात काका-मामांकडे जायचे. मुली घरी बसायच्या. झुबेदा माझ्या वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी, आणि ती घरी बसणार हे तिच्यासकट सगळे धरून चालले होते.

मी कमिटीकडे एक संधी मागितली. पालकांच्या सभेला मुलं एक प्रयोग करून दाखवतील, तो बघा आणि मग ठरवा. शाळेवरून एखादं विमान गेलं की मुलं विचारायची, एवढं लोखंड वर राहतं कसं? म्हणून मी विंड टनेल, म्हणजे वाऱ्याचा बोगदा, करायचं ठरवलं. कॉलेजात असताना एकदा पाहिलेला, तेवढीच माझी शिदोरी. पुठ्ठ्याची खोकी एकाला एक चिकटवली, एका टोकाला टेबलफॅन ठेवला, आत दोन तारांवर कागदाचा पंख अडकवला. पंखा लावला की पंख वर जायच्या ऐवजी ताप भरल्यासारखा थरथरायचा. आठ दिवस हेच. मुलांना वाईट वाटू नये म्हणून मी हसायचे...

त्याच आठवड्यात शाळेचे बाक दुरुस्त करायला इस्माईलभाई आले. झुबेदाचे वडील. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे सुतार, खाडीवर गलबतं बांधायच्या कामाला होते. बाक ठोकून झाले तरी ते निघेनात. माझ्या खोक्यांसमोर उकिडवे बसले, हात पाण्यात बुडवून आत घातला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"बाई, वारा गिरकी घेतोय. पंखा त्याला पिळून आत फेकतो."

"मग काय करायचं?"

"ढकलू नका त्याला. ओढा. पंखा मागे लावा, तोंड पुढच्या बाजूने उघडं ठेवा."

मी पुस्तकं वाचलेली होती, त्यांनी शिडं पाहिलेली होती. दुसऱ्या दिवशी काम संपल्यावर ते चहाच्या खोक्यांचं प्लायवूड डोक्यावर घेऊन आले. पुढे फनेलसारखं रुंद तोंड, मधे निमुळती कंबर, एका बाजूला जुन्या तसबिरीची काच. तोंडाशी बोरूच्या एकसारख्या लांबीच्या नळ्या खचाखच बसवल्या, म्हणजे वारा रांगेत आत येईल. त्या नळ्या अख्ख्या वर्गाने बसून कापल्या. पंख मात्र झुबेदाने हलक्या लाकडाचा तासला आणि अब्बांना हात लावू दिला नाही. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, नुसतं "हं" म्हणाले. त्या "हं"वर पोरगी दोन दिवस तरंगत होती. तोंडाशी लोबान धरला आणि काचेआड धुराच्या सरळ रेघा धावू लागल्या, तेव्हा वर्गात कुणी श्वास घेत नव्हतं. पंख सावकाश वर सरकला.

सभेच्या दिवशी कमिटी पुढच्या रांगेत बसली. मी बटण दाबलं, पंखा फिरला... आणि वीज गेली. दहा मिनिटं, वीस मिनिटं. कमिटीचे प्रमुख घड्याळ बघून उठले. "बाई, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी झुबेदा शाळेत असणार नव्हती. मागच्या भिंतीशी उभे असलेले इस्माईलभाई पुढे आले. त्यांनी स्क्रू काढून पंखा वेगळा केला आणि दोन पालकांना म्हणाले, "यल्ला, धरा. गच्चीवर."

त्या अरुंद जिन्यावरून तो बोगदा कसा वर गेला, देव जाणे. मागून प्रमुख, साड्या सावरणाऱ्या बायका, पोरं, सगळेच वर चढले. दुपारचा समुद्रावरचा वारा सुटला होता. इस्माईलभाईंनी डोळे मिटून गालावर वारा घेतला, बोगद्याचं तोंड अंगठाभर डावीकडे वळवलं आणि बाजूला झाले. पंख क्षणभर थांबला, मग तारांवरून सरळ वर गेला आणि तिथेच राहिला. तो का वर गेला हे झुबेदाने सगळ्यांना समजावून सांगितलं. तिचा आवाज कापत होता, पण एक शब्द चुकला नाही.

प्रमुखांनी विचारलं, "हे बनवलं कुणी?" मी म्हणाले, "मी आणि मुलांनी." का म्हणाले? सुताराने केलं म्हटलं तर वर्ग मिळणार नाहीत अशी भीती होती, आणि थोडा मोहही होता... इस्माईलभाई दोन हातांवर उभे होते. नंतर मी माफी मागायला गेले, तर म्हणाले, "खलास, बाई. पोरीचा वर्ग सुरू होतोय ना?" जूनमध्ये आठवी सुरू झाली. झुबेदा पुढे फार्मासिस्ट झाली. आम्ही भारतात परतलो, पण दर ईदला इस्माईलभाईंचा फोन यायचा. माझं ते वाक्य आम्ही दोघांनीही पुन्हा काढलं नाही.

गेल्या महिन्यात मुलाकडे शारजाला आले आणि दुसऱ्याच दिवशी दुबईतल्या अल कुसैसला झुबेदाकडे गेले. तिची नात सारा, तेरा वर्षांची, पाणी घेऊन आली. झुबेदा म्हणाली, "अब्बा नेहमी सांगायचे, मशीन बाईंनी बनवलं, मी फक्त खिळे ठोकले." मग मी साराला सगळं सांगितलं, त्या गच्चीवर बोललेल्या खोट्यासकट. झुबेदाने माझा हात धरला. साराने विचारलं, "सो ही वॉज द इंजिनिअर?"

"हो," मी म्हटलं. "तेच."

मग सारा मला इस्माईलभाईंच्या खोलीत घेऊन गेली. भिंतीवर तिच्या पुस्तकांची फळी होती. फळीखाली ओळीने बुजवलेली भोकं. सारा लहान असताना त्यांनी ती तिच्या हाताला येईल अशी खाली ठोकली होती, आणि ती वाढेल तशी दर वर्षी वर घेतली. यंदा ती वर घ्यायची राहून गेली. "मी म्हटलं सुतार बोलावू," झुबेदा म्हणाली, "तर ही नको म्हणते." सारा किंचित वाकली आणि तिने फळीवरचं पुस्तक काढून घेतलं.